मराठा सुताराचे घराणे

बाभळीच्या विरळ रानात खोडाला बिलगून किडे टिपणारा, पिवळ्या माथ्याचा आणि पोटावर लाल डाग असलेला मराठा सुतार जेमतेम 18 सेंटीमीटर लांबीचा आहे. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1801 मध्ये मराठ्यांच्या मुलखावरून त्याचे नाव ‘पिकस महराटेन्सिस’ ठेवले. विसाव्या शतकात तो ‘डेंड्रोकोपस’ झाला. आज बहुतेक याद्यांत तो ‘लिओपिकस’ आहे. शास्त्रज्ञांचे एकमत होत नाही, मग सामान्यांनी नावे कशाला लक्षात ठेवायची, ही तक्रार स्वाभाविक आहे. पण बदलला तो फक्त नावाचा पहिला भाग. ‘महराटेन्सिस’ हा जातीचा शब्द दोन शतकांहून अधिक काळ जागचा हललेला नाही. हा पक्षी पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत आढळतो, म्हणून ते नाव अपुरे ठरते, असेही कोणी म्हणेल. मात्र नामकरणाच्या नियमांत आधी दिलेल्या नावाला मान असतो आणि केवळ अर्थ जुळत नाही म्हणून ते रद्द होत नाही. तसे होऊ लागले, तर जुन्या नोंदी कोणत्या पक्ष्याच्या हेच कळणार नाही.

पहिला भाग, म्हणजे प्रजातीचे नाव, नातेसंबंधाविषयीचा दावा असतो आणि दावा पुराव्यावर तपासायचा असतो. काळी-पांढरी पाठ आणि लाल खुणा पाहून या पक्ष्याला ‘डेंड्रोकोपस’मध्ये ठेवणे त्या काळी रास्तच होते. पण सुतारपक्ष्यांचा पिसारा फसवा असतो. उत्तर अमेरिकेतले डाऊनी आणि हेअरी हे दोन सुतार आकार सोडला तर हुबेहूब सारखे दिसतात. डीएनएने मात्र ते सख्खे नसल्याचे दाखवले. फुक्स आणि पाँ या संशोधकांनी 2015 मध्ये अनेक जनुके एकत्र तपासून अशा काळ्या-पांढऱ्या सुतारांच्या साऱ्या गटाची फेरमांडणी केली. मराठा सुतार ‘डेंड्रोकोपस’बाहेर पडला आणि पक्षितज्ज्ञ बोनापार्ट यांनी 1854 मध्येच सुचवलेले ‘लिओपिकस’ हे नाव त्याला मिळाले.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. डीएनए फांद्या दाखवतो, पण फांदी कुठे तोडून तिला प्रजाती म्हणायचे, हे माणूसच ठरवतो. काही याद्यांत ‘लिओपिकस’मध्ये मराठा सुतार एकटाच आहे, काहींत हिमालयातला तपकिरी कपाळाचा सुतार आणि युरोपातला मध्यम ठिपकेदार सुतारही त्याच्यासोबत आहेत. मला दुसरी मांडणी अधिक पटते, कारण एकच पक्षी असलेल्या प्रजातीच्या नावावरून त्याचे नातेवाईक कोण, हे कळतच नाही.