गोड बोला, पण जबाबदारीने बोला!

मकरसंक्रांतीच्या दिवशी देवापुढे तिळगुळाचा नैवेद्य झाला की घरातील मुले हाती वाटी घेऊन प्रथम आजी-आजोबांना, मग आई-वडिलांना आणि त्यानंतर शेजारीपाजारी तिळगूळ देतात. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणून वाकून नमस्कार करतात. वाणीचा संस्कार इतक्या सोप्या शब्दांत सांगणारा सण विरळाच.

परंतु गोड बोलणे म्हणजे तोंडदेखले बोलणे नव्हे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीकृष्णांनी वाणीचे तप सांगितले आहे. ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारा, सत्य, प्रिय आणि हितकर असा शब्द उच्चारणे, हा त्या तपाचा गाभा. हे तप मुलांच्या अंगी कसे बाणवावे? महाभारताच्या आदिपर्वातील शमीक ऋषींची कथा या बाबतीत आपणा सर्वांस मार्गदर्शक आहे.

राजा परीक्षित मृगयेस गेला असता बाण लागलेला मृग दिसेनासा झाला. तहानभुकेने व्याकूळ झालेल्या राजाने शमीकांना त्याविषयी विचारले. ऋषींचे मौनव्रत होते. उत्तर मिळाले नाही. संतापाच्या भरात राजाने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकला. ऋषी शांतच राहिले. त्यांचा तरुण पुत्र शृंगी मात्र कृश नावाच्या सोबत्याने टोमणा मारताच क्रोधाने पेटला आणि ‘सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने राजाला मृत्यू येईल’ असा शाप देऊन बसला.

अपमान झाला होता तो शमीकांचा. तरीही पुत्राने आपली बाजू घेतली म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली नाही. राजा आपले रक्षण करतो, तो श्रमलेला होता, आपल्या मौनाची त्याला कल्पना नव्हती, हे त्यांनी पुत्रास समजावून दिले. पुत्र मोठा झाला तरी त्याला उपदेश करणे हे पित्याचे कर्तव्यच, असे सांगून त्यांनी त्याला क्रोध आवरण्यास बजावले. उच्चारलेला शाप परत घेता येत नव्हता. म्हणून त्यांनी गौरमुख नावाच्या शिष्याला तातडीने राजाकडे पाठवून त्याला सावध केले. राजालाही मृत्यूच्या वार्तेपेक्षा आपल्या कृत्याचाच अधिक पश्चात्ताप झाला. पुढे शाप खरा ठरला, आणि त्या मृत्यूच्या सूडापोटी जनमेजयाने सर्पसत्र मांडले. मुळाशी काय होते? एक अविचारी कृती, एक टोमणा आणि रागाचा एक शब्द!

शब्द परत घेता येत नाही. परंतु त्याच्या परिणामाकडे पाठ फिरवता कामा नये, हा शमीकांचा धडा. आपल्या मुलाने सोबत्याला जिव्हारी लागेल असे म्हटले, तर ‘लहान आहे’ म्हणून आपण ते सोडून देऊ नये. त्याला त्या घरी न्यावे आणि क्षमा त्याची त्यालाच मागू द्यावी. हातून काही मोडले-फुटले आणि मूल आपण होऊन सांगावयास आले, तर आधी त्याच्या खरेपणाचे कौतुक करावे, भरपाईचे मग पाहावे. हल्ली मोबाइलवरून लिहिलेला एक शब्द क्षणात शेकडो घरी पोहोचतो. पाठविण्यापूर्वी ‘हेच मी समोर उभा राहून म्हणेन का?’ असे स्वतःस विचारण्याची सवय मुलांना लावावी.

अर्थात, दारी आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे ज्या घरात मुलाला पढविले जाते, तेथे उपदेश व्यर्थ होय. मुले आपले सांगणे विसरतील, वागणे विसरणार नाहीत.

हलव्याला काटा येतो तो मंद आचेवर, हळूहळू पाक देत राहिल्यानेच. आच भडकली की सारे बिघडते. संस्काराचेही तसेच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण तिळगूळ देतो-घेतो. तेवढे दिवस तरी घरातील थोरामोठ्यांनी आणि मुलांनी मिळून एक नेम करावा: दिलेला शब्द पाळावयाचा, आणि दुखावलेले मन सूर्यास्तापूर्वी सांधावयाचे. सूर्यनारायण आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो!