भेगेतलं उकळतं पाणी

नळीच्या पुढचा दाब कितीही उतरवा, एका मर्यादेनंतर तिच्यातून जास्त पाणी जातच नाही. हे मला पटेना, म्हणून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. तापलेल्या पाण्याची टाकी, झडप, दाबमापक, आणि टोकाला पोलादाच्या दोन तुकड्यांमधली केसाएवढी फट. सगळीकडे ओल्या, तापलेल्या गॅस्केटचा वास.

टाकीतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही. फटीत दाब उतरतो आणि ते वाटेतच उकळू लागतं. "आवाज पाण्यातून सेकंदाला 1500 मीटर जातो, हवेतून 340," संशोधक मॅडम म्हणाल्या. "साध्या दाबाला निम्मं पाणी, निम्मी हवा असा फेस केला, तर जेमतेम 20." वाफाळतं पाणीही असंच मंदावतं. प्रवाहानं तिथल्या आवाजाचा वेग गाठला, की पुढे दाब उतरल्याची वर्दी मागे पोचतच नाही. ते 20 माझ्या डोक्यातून जाईना.

पाणी आणि वाफ एकजीव होऊन, एकाच वेगानं धावतात असं धरलं, तर आखूड नळीसाठी प्रवाहाचं उत्तर कमी येतं. तिथं बुडबुडे धरायला सवडच नसते. संशोधक मूडी यांनी 1965 मध्ये गणितात वाफेला पाण्यापेक्षा जास्त वेग दिला; हेन्री आणि फॉस्के यांनी 1971 मध्ये उकळायला लागणारा उशीर हिशेबात घेतला. पुढे स्वीडनमधल्या मार्विकेनला, इंधन कधीच न भरलेल्या अणुभट्टीच्या पात्रातून, अर्ध्या मीटरपर्यंत रुंद तोंडांनी पाणी सोडून अशी गणितं ताडून पाहिली गेली.

नळीला पडलेल्या भेगेला मात्र नळीसारखी गुळगुळीत भिंत नसते. मॅडम भेगेच्या पृष्ठावरून सुई फिरवत एकेक खाचखळगा टिपत होत्या. इतका खटाटोप कशासाठी, असं विचारलं.

"मोठी नळी फुटली असं धरताना प्रवाह जास्त मोजलेला चालतो. मग अणुभट्टी थंड ठेवायला पाण्याची तजवीजही जास्तच होते. भेगेचं उलटं. गळती जास्त धरली, तर आपण म्हणतो, उपकरणांना ती वेळेत कळेल. आणि खरी गळती असते थेंबाथेंबाची."

नळी फुटण्याआधी गळून इशारा देईल, हा अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेतला मोठा भरवसा. त्यासाठी खरखरीतपणाचा आकडा तक्त्यातून उचलणं मला आता बेजबाबदारपणाचं वाटतं. आधी भेग कशानं पडली ते पाहायला हवं: धातूच्या थकव्यानं पडलेली बऱ्यापैकी सरळ जाते, ताण आणि गंज मिळून पडलेली कणाकणांना वळसे घालत, फांद्या फोडत.