बुजवलेली भेग पुन्हा का उघडते?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात उतरून ‘ठाकुरवाडी कुठे आली हो?’ असे विचारलेत, तर उलट प्रश्न येईल, ‘कुठली ठाकुरवाडी?’ ठाकर समाजाच्या वस्त्यांना हे नाव इकडे सर्रास दिलेले असते. बोरघाटाच्या लोहमार्गावरसुद्धा पळसदरीच्या वर ठाकुरवाडी नावाचे एक ठाणे आहे. यांपैकी कोणत्याही वाडीत मे महिन्याच्या अखेरीस जा. कोणी कौले शाकारीत असतो, कोणी पत्र्याच्या खिळ्यांभोवती डांबर थापीत असतो, तर कोणी नव्या घराच्या स्लॅबवरील भेगेत सिमेंट कालवून ओतीत असतो. घाई असतेच, कारण पावसाळ्यात या भागात तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो. ते सारे पाणी जागच्या जागी साठले, तर तुमच्या खोलीच्या आढ्यापर्यंत पोचेल!

इतके करूनही पुढच्या आषाढात बरोबर त्याच जागी टपटप सुरू होते आणि खाली पातेले ठेवावे लागते. माल खोटा होता, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण माल चांगला असूनही असे घडते. मग चुकते कुठे?

जरा जुन्या छपराकडे पाहा. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. त्यात लाखो फटी! तरी ते गळत नसे. उतार चांगला असे आणि प्रत्येक काडी खालच्या काडीवर पाणी सोडून देई. कौलांचेही तसेच. एक कौल दुसऱ्यावर नुसते टेकलेले असते, चिकटवलेले नसते. उन्हाने ते वाढले, गारव्याने आकसले, तरी कोणाचे काही अडत नाही. पत्रा आणि स्लॅब आले आणि छप्पर लांबरुंद, सलग झाले. त्याबरोबर एक नवी अडचण आली.

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे तुम्ही शिकला आहात. त्याचा हिशेब करून पाहू. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की १ मीटर लांबीचे पोलाद ०.०१२ मिलिमीटर वाढते. मे महिन्यात दुपारी पत्रा ६०-६५ अंशांपर्यंत तापतो. वळवाची एक सर आली, की तो काही मिनिटांत २५ अंशांवर येतो. फरक धरा ४० अंशांचा. ३ मीटर लांबीचा पत्रा यात जवळजवळ दीड मिलिमीटर आकसेल. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या दुप्पट. काँक्रीट पोलादाइतकेच, किंवा थोडे कमी, वाढते-आकसते. म्हणजे भेग ही नुसती मोकळी जागा नाही. ती रोज उघडमीट करीत असते.

आता त्या भेगेत सिमेंट भरले तर? सिमेंट दाबाला खंबीर, पण ताणाला अगदी दुबळे. भेग किंचित उघडली, की ते चिरते किंवा एका कडेपासून सुटते. एम-सीलसारखी दोन गोळे मळून लावायची लुकणेही वाळल्यावर दगडासारखी होतात. नळाच्या गळक्या सांध्याला ती उत्तम, हलत्या भेगेला नव्हेत. डांबराचे दुखणे वेगळे. ते उन्हात मऊ होऊन ओघळते आणि दोनचार वर्षांत त्यातील तेलकट भाग उडून जाऊन ठिसूळ बनते. ते स्वस्त आहे, हा मात्र त्याचा गुण नाकारता येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता माल?’ हा नव्हेच. ‘भेग हलते का?’ हा पहिला प्रश्न. हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. घरातल्या हाताला येणाऱ्या भेगेवर वर्तमानपत्राची पातळ पट्टी खळीने आडवी चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. पट्टी कोरडी असूनही काही दिवसांत फाटली, तर भेग हलती आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने दोन खुणा करून सकाळी आणि दुपारी अंतर मोजलेत, तर आणखी चांगले. अंतर महिनोन्‌महिने वाढतच चालले असेल, तर मात्र दुखणे पायाचे किंवा तुळईचे असू शकते. तिथे कसलेही लुकण उपयोगाचे नाही. जाणत्या माणसालाच बोलवायला हवे.

हलत्या भेगेला रबरासारखा ताणला जाणारा माल हवा. पण इथे एक गंमत आहे. चांगला गवंडी भेग भरण्याआधी ती छिन्नीने अधिक रुंद करतो! वेडेपणा वाटतो ना? हिशेब करा. भेग १ मिलिमीटर रुंद आहे आणि ती अर्धा मिलिमीटर उघडते. आतल्या मालाला आपल्या रुंदीच्या निम्म्याने, म्हणजे ५० टक्के ताणावे लागेल. तीच भेग खाच पाडून ६ मिलिमीटर केली, तर तोच अर्धा मिलिमीटर म्हणजे फक्त ८ टक्के ताण. शिवाय खाचेच्या तळाशी फोमची दोरी किंवा गुळगुळीत फीत घालतात. त्यामुळे माल दोन्ही कडांनाच चिकटतो, तळाला नाही आणि मधला भाग मोकळेपणी ताणला जातो.

आता माल. सिलिकोनची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची. सूर्याचे अतिनील किरण ती सहजी तोडू शकत नाहीत. म्हणून उन्हात ते वर्षानुवर्षे टिकते. मात्र स्वस्त सिलिकोनला वाळताना शिरक्यासारखा वास येतो, तो ॲसेटिक आम्लाचा. हे आम्ल पत्र्यावरील जस्ताचा थर खाते आणि सिमेंटमधील चुन्याशी झगडते, त्यामुळे पकड सुटते. पत्र्याला किंवा स्लॅबला आम्लरहित जातच घ्यावी. दुसरी खोड अशी, की वाळलेल्या सिलिकोनवर रंग चिकटत नाही आणि इतर मालही. एकदा लावले, की पुढची डागडुजी करताना ते पूर्ण खरवडून काढावे लागते. स्लॅबच्या भेगेला म्हणूनच पॉलियुरेथेन मला अधिक पसंत आहे. ते सिमेंटला घट्ट धरते आणि त्यावर रंग बसतो. उन्हाने त्याची कातडी मात्र खराब होते, तेव्हा रंगाचे पांघरूण हवेच. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे ब्युटाइल रबराची चिकट फीत मधे दाबतात. गाड्यांच्या चाकांतील ट्यूबही बहुधा याच रबराची असते. ही फीत कधी पुरती कडक होत नाही.

पत्र्यांच्या जोडात फीत कशाला, वरचा पत्रा खालच्यावर चढलेला आहेच की, असे तुम्ही म्हणाल. पण पाणी वरही चढते! दोन पत्र्यांमधली फट ०.२ मिलिमीटर असेल, तर केशाकर्षणाने पाणी ७ सेंटिमीटरपर्यंत उभे चढू शकते. उतार मंद असला, की एवढ्यात ते जोड ओलांडून आत येते.

कॅरव्हॅनच्या, म्हणजे चालत्या घरगाडीच्या, किंवा एस.टी.च्या टपाला उन्हाखेरीज खड्ड्यांचे हादरेही सोसावे लागतात. तिथे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक रिव्हेट ही गळतीची एक शक्यता. कडक माल तिथे एका पावसाळ्याचाही सोबती होत नाही.

माल कोणताही असो, जागा कोरडी आणि धूळ झाडलेली हवी. शेवाळ्यावर लावलेला माल शेवाळ्यालाच चिकटतो! म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये, उन्हे कलल्यावर करतात. तुम्ही स्वतः छपरावर चढू नका. जुने सिमेंटचे पत्रे पायाखाली अचानक मोडतात. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते घासले किंवा भोकसले, तर धुळीतून फुप्फुसात जातात आणि जीवघेणे आजार जडवू शकतात.

स्लॅबची बारीक गळती बरेच जण चालवून घेतात. पण आत मुरलेले पाणी लोखंडी सळ्यांना गंजवते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि आतून रेटा देऊन काँक्रीटचे पोपडे पाडतो. असा पोपडा खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो.

राहता राहिले गळती शोधणे. पातेले जिथे ठेवले, त्याच्या बरोबर वर भेग असेलच असे नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून हातभर वाहत येते आणि मगच ठिबकते. यासाठी मोठ्या माणसाने शिडीवरून छपरावर पाणी सोडावे, तेही वळचणीकडून सुरू करून हळूहळू आढ्याकडे जात. तुम्ही आत वहीपेन्सिल घेऊन बसा. पहिला थेंब दिसला, की ओरडून सांगा. त्या क्षणी पाणी जिथपर्यंत पोचले असेल, तिथेच खडूची खूण करायची.