चार मिनिटांत मेक्सिको

सकाळी ९, तारांगण. आधी एसी, मग सर्व्हर, मग प्रोजेक्टर. दोन प्रोजेक्टरच्या चित्रांचा सांधा घुमटावर नीट जुळवावा लागतो, नाहीतर फुलपाखराचा एक पंख उजळ आणि दुसरा मळका दिसतो.

१०. पहिली शाळा. "अंधार झाला की ओरडायचं नाही," असं बाई बजावतात. अंधार झाल्यावर बाईसुद्धा ओरडतात.

१०:१५. मोनार्क फुलपाखरांची फिल्म. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. त्याचा आवाज बंद करून मी मराठीत बोलतो. कॅनडातून निघालेली फुलपाखरं चार मिनिटांत मेक्सिकोच्या डोंगरात पोहोचतात. इथे मी फिल्म थांबवतो. हा प्रवास सुमारे चार हजार किलोमीटरचा, त्याला दोनेक महिने लागतात. जाणाऱ्यांपैकी एकानेही ती जागा पूर्वी पाहिलेली नसते. वाट सूर्यावरून धरतात; तो दिवसभर सरकत राहतो, तरी दिशा चुकत नाही, कारण वेळ मोजणारं घड्याळ त्यांच्या मिशांमध्ये असतं. उन्हाळी पिढी काही आठवडेच जगते, दक्षिणेला जाणारी आठ महिन्यांपर्यंत. परतीची वाट मात्र मुलं, नातवंडं, पतवंडं मिळून पुरी करतात. हिवाळ्यात ती जिथे उतरतात, ते रान शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये सापडलं. स्थानिकांना ते आधीपासून ठाऊक होतंच. फिल्ममध्ये हे जरा घाईत उरकलंय.

१२. प्रश्न. "सर, ती दमत नाहीत का?" दमतात. वाटेत फुलांवर उतरतात, मकरंद पितात, चरबी साठवतात.

१. डबा.

२:३०. कॉलेजचे विद्यार्थी, ध्रुवीय प्रकाश. पडद्यावर हिरवे झोत सळसळतात आणि लगेच मोबाइल वर होतात. ते खाली ठेवायला लावून सांगतो की हे चित्रण वेग वाढवून दाखवलेलं आहे. खरा प्रकाश बरेचदा ढिम्म असतो, आणि अंधुक असला तर डोळ्यांना राखाडीच दिसतो. सूर्याकडून येणाऱ्या झोतामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होते, वेगवान इलेक्ट्रॉन खाली कोसळतात आणि ऑक्सिजनच्या अणूंना धडकतात. हिरवा प्रकाश अणू सेकंदाच्या आत सोडतो. लाल सोडायला जवळपास दोन मिनिटं लागतात. दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कण येऊन आदळतो आणि प्रकाश निघतच नाही. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच. उंचावरचा असल्यामुळे तो लांबूनही दिसतो: मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत क्षितिजावर दिसली ती लालीच.

"मग आपल्याकडे काय?" हा प्रश्न ठरलेला, आणि माझ्या आवडीचा. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा व्यत्यय येणार म्हणून चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवलं. १९०४ पासून ते तिथे चालू आहे. घुमटावरच्या हिरव्या झोतांपेक्षा या वाक्याला वर्ग जास्त गप्प होतो.

५. शेवटचा शो, तुरळक माणसं.

६:१५. प्रोजेक्टर थंड होईपर्यंत पंखे चालू ठेवून मी वही भरतो.

मुलांना तारांगणात आणणार असाल, तर त्याआधी पडीक जागेतली रुई दाखवून आणा. मोनार्कचा इथला नातलग, प्लेन टायगर, तिच्या पानांवर अंडी घालतो. अळी सापडली, तर एक पान संपवायला तिला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.