पुण्याहून लंडन : किती दूर, किती तास?

खेड्यात वाट विचारली, तर सांगणारे दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणतो, "दोन कोस आहे." दुसरा म्हणतो, "आत्ता निघालात तर दिवस मावळायच्या आत पोचाल." एकाने अंतर सांगितले, दुसऱ्याने वेळ. विमानाच्या प्रवासातही हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. आज पुण्याकडची कितीतरी मुले लंडनला शिकायला जातात. मागे राहिलेली आई तिकिटावरच्या वेळा पाहून बोटे मोजते, आणि तिच्या हिशेबाने फोन आला नाही की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ या.

आधी अंतर पाहू. पुण्याचे बरेच प्रवासी लंडनसाठी मुंबईहून विमान धरतात. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पण सरळ म्हणजे कसे? शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात करावा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ इराकवरून जाते. आता पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो अधिक उत्तरेकडून, कास्पियन समुद्रावरून जातो. गोल पृथ्वीवर दोऱ्याची वाटच जवळची. मात्र कुठे युद्ध असले, कुठे हवाई हद्द बंद असली, की वैमानिकाला वळसा घ्यावा लागतो.

आता वेळ. विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर जाते. नुसता भागाकार केला तर आठ-साडेआठ तास येतात. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. चढणे-उतरणे आणि वळसे आहेतच. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीला सुमारे तासभर कमी लागतो.

खरी गफलत होते ती घड्याळात. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार तास. समजा, हिवाळ्यात मुलगा मुंबईहून दुपारी दोनला निघाला आणि लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरला. वाटेल, साडेचार तासांतच पोचला! पण तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. प्रवास झाला दहा तासांचा. त्यात पुणे-मुंबईचे दीडशे किलोमीटर, म्हणजे तीन-चार तास, आणि विमानतळावर तीन तास आधी पोचणे धरा. घरातून निघाल्यापासून सोळा-सतरा तास झाले. उतरल्यावरही तपासणीत तास-दोन तास जातात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले होते. त्याआधी बोटीने जाणाऱ्यांचे आठवडे मोडत. अंतर तेव्हाही तेवढेच होते. बदलली ती वेळ.

तेव्हा पुढल्या खेपेला आईला तिकिटावरची लंडनची वेळ सांगू नका. "आपल्या घड्याळात रात्री बारानंतर उतरेल, फोन दोनच्या सुमारास येईल," असे सांगा. मग ती दोन वाजेपर्यंत तरी निवांत झोपेल.