एका वासाच्या तीन वनस्पती

पुण्याहून निघालेला महामार्ग बंगळूर शहरात शिरतो तो यशवंतपूरच्या बाजूने. एका अंगाला चंदनाच्या साबणाचा सरकारी कारखाना, दुसऱ्या अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचे गर्द झाडीचे आवार, आणि या दोहोंच्या आसपास बाजारपेठ, रेल्वेचे जंक्शन व नव्या उंच इमारतींची दाटी, असा हा परिसर आहे. या इमारतींच्या सज्जांतून तुळस, गवती चहा, कढीलिंब यांच्या जोडीला आता एक बुटके, राखी-हिरव्या बारीक पानांचे झुडूपही कोठे कोठे दिसते. त्याचे नाव थाइम. रोपवाटिकेतून ते मोठ्या हौसेने घरी येते, आणि पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यात मरते. त्याला मारते ती बहुधा मालकाची अतिकाळजी.

हे समजण्यासाठी त्याचे माहेर पाहिले पाहिजे. थाइम ही मूळची भूमध्य सागराच्या पश्चिम भागातली वनस्पती. स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली या देशांतील चुनखडीच्या, खडकाळ, उन्हाने तापलेल्या उतारांवर ती वाढते. तेथे पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि उन्हाळा जातो कोरडा ठणठणीत. आपल्याकडे नेमके याच्या उलट. उबेचे दिवस आणि ओलीचे दिवस येथे एकत्र येतात. थाइमची पाने अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांब, कडा खाली मुडपलेल्या आणि खालच्या अंगाला लव असलेली. पाणी जपून वापरणाऱ्या वनस्पतीचा हा पेहराव आहे. अशा काटकसरी झाडाला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातले, की त्याची मुळे कुजतात. पाने पिवळी पडतात. आणि ती कोमेजली म्हणून मालक आणखी पाणी घालतो.

कुलाच्या दृष्टीने थाइम तुळशीच्या गोतातला. पुदिना, सब्जा, मरवा हे सारे त्याचे सगेसोयरे. पश्चिम हिमालयात त्याच्या वंशातली एक जंगली जात आढळते, आणि तिकडचे लोक तिला ‘बनअजवायन’, म्हणजे रानओवा, म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्यांच्या नाकाला दाद दिली पाहिजे. कारण ओवा हा खरे तर धने-जिऱ्यांच्या कुलातला. त्याचे आणि थाइमचे नाते दूरचेही नाही. परंतु पान चुरगळून हुंगले, की मराठी माणसाच्या तोंडून ‘अरे, हा तर ओवा!’ असेच उद्गार निघतात. त्यात तिसरी भर पडते ती पानओव्याची. जाड, लुसलुशीत, लवदार पानांच्या ज्या रोपाची आपल्याकडे भजी करतात, त्याला कन्नड घरांत ‘दोड्डपत्रे’ म्हणतात. ती पाने जिरेमिऱ्यांबरोबर परतून, खोबऱ्यासह वाटून ताकात कालवली, की ‘तंबुळी’ होते, आणि भातावर ती फार रुचकर लागते. पानओवाही तुळशीच्याच गोतातला. पण ओवा तो नव्हे, आणि थाइमही नव्हे. रोपवाटिकेत यांची नावे बदलून सांगितली जाण्याचा संभव असतो, म्हणून पाहून घेणे बरे. जाड पान म्हणजे पानओवा. तांदळाच्या दाण्याएवढे पान आणि काटकीसारखी चिवट फांदी म्हणजे थाइम.

हा समान वास येतो कोठून? थाइमच्या तेलातून स्फटिकासारखा एक पदार्थ १७१९ साली नॉयमान या जर्मन औषधशास्त्रज्ञाने वेगळा केला. पुढे त्याला ‘थायमॉल’ हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टेनहाउस आणि हेन्स या रसायनशास्त्रज्ञांनी ओव्याचे तेल तपासले, तेव्हा त्यातही तोच पदार्थ सापडला. मौज अशी, की आपल्या बाजारांत तो त्याआधीच ‘ओव्याचे फूल’ म्हणून विकला जात होता, आणि उज्जैनकडे तो तयार होत असे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एका बाटलीत घातले, की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात. हीच ती घरोघरची अमृतधारा.

थायमॉल जंतुनाशक म्हणून आणि आकडेकृमीवरचे औषध म्हणून जगभर खपू लागला, तेव्हा थाइमपेक्षा ओवाच अधिक सोयीचा ठरला. थाइमच्या वाळल्या पाल्यात तेल शेकडा एक-दोन भाग, तर ओव्याच्या दाण्यात दोन ते चार भाग. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जहाजांतून जर्मनीला जाई, तेथे त्याचे थायमॉल होई, आणि तयार औषध येथे महाग दराने परत येई. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा मार्ग बंद पडला. ज्या देशात ओवा शेतात पिकत होता, त्याच देशाला त्याच्या अर्काची वाण पडली! याच सुमारास यशवंतपूरला लागून असलेली विज्ञान संस्था कामाला लागली होती. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९११ पासून अध्यापन सुरू होते. तेथील सडबरो व वॉटसन या प्राध्यापकांचे नाव मुख्यतः चंदनाच्या तेलाशी जोडलेले आहे. पण ओव्याच्या तेलावरही त्यांनी काम केले. पुढे थायमॉल कारखान्यात कृत्रिम रीतीने होऊ लागले आणि ओव्याचा तो परदेशी व्यापार ओसरला.

आता कुंडीकडे वळू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे आणि तेथील वर्षाचा पाऊस एक मीटरच्या आसपास. त्यामुळे मुंबई-कोकणापेक्षा थाइम तेथे सुखाने राहतो. पुणे, नाशिक, सातारा या बाजूलाही तो जगवता येतो. कुंडी मातीची घ्यावी, म्हणजे तिच्या अंगातून ओल निघून जाते. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग मुरलेले शेणखत पुरे. बंगळूरची लाल माती बहुधा किंचित आम्ल असते. चिमूटभर चुना किंवा अंड्याच्या टरफलांची भुकटी मिसळल्यास झाडाला माहेरची आठवण होते. खताची खैरात करू नये. त्याने पाला माजतो आणि वास मरतो.

ऊन दिवसाचे सहा तास तरी हवे. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बंगळुरात मे महिन्यात वळवाच्या सरी, आणि पुढे ऑगस्ट ते ऑक्टोबर मोठा पाऊस असतो. त्या काळात कुंडी वळचणीखाली, परंतु उजेडात व वाऱ्यावर ठेवावी. कुंडीखालची थाळी काढून टाकावी हे मात्र विसरू नये. तीत साचलेले पाणीच बहुतेक झाडांचा घात करते.

बी फार बारीक असते आणि रुजायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून फांदीचे तुकडे लावणे सोपे. बोटभर लांबीचा कोवळा शेंडा घेऊन खालची पाने काढावी व ओलसर वाळूत खोचावा. महिन्याभरात मुळे धरतात.

पाला खुडावा तो फुले उमलण्यापूर्वी, कारण त्या वेळी वास सर्वांत भरात असतो. लाकडासारख्या झालेल्या, निष्पर्ण भागापर्यंत मात्र कापू नये. तेथून पुन्हा फूट येईलच असे नाही. खुडलेल्या काड्या सावलीत वाळवून पाने बरणीत भरावी. कोथिंबीर वाळली की तिचे काही उरत नाही; थाइम वाळल्यावरही आपला गुण टिकवून धरतो. ताज्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा वाळला पाला पुरतो. तो वरून भुरभुरण्याचा नव्हे. फोडणीतच घालावा, म्हणजे शिजताना हळूहळू उतरतो. बटाट्याच्या काचऱ्या, टोमॅटोचे सार, वाटाण्याची उसळ यांत तो विनासायास मुरतो. आमटीत चिंच-गूळ-गोडा मसाला असतो, तेथे त्याने तोंड घालू नये हेच बरे.

खोकल्यावर कपभर उकळत्या पाण्यात लहान चमचाभर वाळली पाने घालून, पाच मिनिटे झाकून ठेवून, गाळून पिण्याची युरोपात जुनी रीत आहे. झाकण आवश्यक, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जाते. पाला आणि तेल यांत मात्र मोठे अंतर आहे. बाटलीतले थाइमचे तेल किंवा ओव्याचे फूल हे अतितीव्र द्रव्य असून त्वचेला व घशाला ते भाजते. आकडेकृमीवर थायमॉल देत असत त्या काळात डॉक्टर रोग्याला तेलतूप व मद्य वर्ज्य करायला सांगत, कारण त्यांच्या संगतीने ते रक्तात अधिक शोषले जाई आणि विषबाधा होई. म्हणून तेल पोटात घेऊ नये, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि गर्भवतीने पाल्याचा काढाही वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

तीन-चार वर्षांनी झुडूप मधून उघडे पडते, काड्या जून होतात आणि पाला विरळ येतो. त्यापूर्वीच एखादी लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दडपावी व वर लहानसा खडा ठेवावा. तिला मुळे फुटली, की मूळ झाडापासून ती तोडून घ्यावी.