हत्तीचे खायचे दात

हत्तीच्या सुळ्यांना सुळे म्हणणं शरीरशास्त्राच्या हिशेबात चूक आहे. सुळा म्हणजे पटाशीच्या दातांशेजारचा टोकदार दात, कुत्र्यामांजरांना असतो तो. हत्तीला तो नसतोच. बाहेर दिसतात ते त्याच्या वरच्या जबड्यातले पटाशीचे दात, आयुष्यभर वाढत राहणारे. तुम्हीआम्ही ज्यांनी पेरूचा चावा घेतो, तेच. शब्द रूढ झालाय, आता बदलणार नाही, मीही या लेखात सुळेच लिहिणार आहे. पण ज्या प्राण्याला आपण वर्षातून एकदा घरात आणून बसवतो, त्याच्या तोंडात काय आहे हे आपण नीट पाहिलेलं नाही, एवढं यावरून कळावं.

‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे’ ही म्हण आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. पण खायचे दात असतात तरी कसे? खरी नवलाई तिथंच आहे. आपल्याला दात दोनदा येतात, एकदा दुधाचे, एकदा कायमचे. हत्तीच्या दाढांचे संच आयुष्यात सहा. आणि नवी दाढ खालून वर येत नाही, मागून पुढे सरकत येते. पुढची दाढ झिजत झिजत तुकड्यातुकड्यांनी पडते, मागची तिची जागा घेते. शेवटची दाढ चांगली विटेपेक्षा मोठी, वरच्या बाजूला जात्याच्या टाक्यांसारख्या कडा. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास गवत, पाला, साल, फांद्या दळायच्या म्हणजे जातंच हवं. एवढं दळूनही निम्म्याहून अधिक न पचताच बाहेर पडतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

सहावा संच झिजला की संपलं. साठी-पासष्टीच्या हत्तीला आजार काही नसतो, समोर चारा असतो, पण चावायला काही उरलेलं नसतं. असे म्हातारे हत्ती पाणथळ जागेकडे वळतात, तिथलं गवत लुसलुशीत असतं. तिथेच त्यांचे शेवटचे दिवस जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच हाडं साठतात. हत्ती मरायला ठरावीक जागी जातात, त्यांचं स्मशान असतं, ही गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली. तिचा उगम बहुधा या बोळक्या तोंडांत आहे. मला तरी स्मशानाच्या गूढ कथेपेक्षा मऊ गवत शोधत निघालेला म्हातारा हत्ती जास्त चटका लावतो.

दाखवायच्या दातांची कथा वेगळी. आफ्रिकी हत्तींत नरमादी दोघांना सुळे असतात. आपल्याकडे नरालाच, आणि तेही सगळ्या नरांना नाही. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात, सुळेवाल्याला आजरा-चंदगडकडे सरळ ‘टस्कर’. ‘हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा’ ही म्हण आपल्याला कौतुकाची वाटते, हत्तीच्या बाजूने ती फाशीची शिक्षा आहे. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात गोरोंगोसा भागातले बहुतेक हत्ती हस्तिदंतासाठी मारले गेले. मरण आलं ते सुळेवाल्यांना. वाचल्या त्यांत जन्मतःच सुळे नसलेल्या माद्या जास्त होत्या, आणि युद्धानंतर तिथल्या माद्यांपैकी निम्म्याच्या आसपास बिनसुळ्याच्या निघाल्या. निसर्गाने जे घडवायला युगं घेतली असती ते बंदुकीने पंधरा वर्षांत घडवलं.

सोंडेबद्दल मुलं विचारतात, हत्ती सोंडेनं पाणी पितो का? पीत नाही. सोंडेत भरतो आणि तोंडात ओततो. सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एक झालेले, आत हाड एकही नाही. नवजात पिल्लाला ती वापरता येत नाही. काही महिने ती त्याच्या तोंडापुढे नुसती लोंबत असते, कधी स्वतःच्याच पायाखाली येते. दूध ते तोंडाने पितं. आईचे स्तन पुढच्या दोन पायांमध्ये, जवळजवळ माणसासारखे छातीशी. बावीस महिने पोटात काढून आलेलं हे पिल्लू जन्मतः शंभरेक किलोचं असतं. जुन्या मराठीत हत्तीच्या पिल्लालाही छावा म्हणत, हे आता सिंहाच्या गर्दीत विसरायला झालंय.

हत्तीला उडी मारता येत नाही, हे खरं. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. अंगावर आला तर तो ताशी २५ किलोमीटरने येतो, आणि रानातल्या दगडधोंड्यांत आपण त्याच्या निम्म्यानेही धावत नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो असं आपण म्हणतो तेव्हा मनात धाडधाड आवाज असतो. प्रत्यक्षात टाचेखालच्या चरबीच्या जाड गादीमुळे हत्ती चवड्यांवर, मांजरीसारखा बिनआवाजी चालतो. वीस पावलांवर येईपर्यंत कळत नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. तिलारी खोऱ्यात एका घराच्या पडवीत मी रात्रभर झोपलो होतो. सकाळी पाहिलं तर पडवीपासून पंधरा-वीस पावलांवरच्या खाचरात पाऊल उमटलं होतं. कुणालाही चाहूल लागली नव्हती, कुत्रंही भुंकलं नव्हतं. खाचराच्या चिखलात गोल खळगा, कडेला नखांच्या चंद्रकोरी, आत पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात भाताच्या चार लोंब्या. मी सुतळी मागितली. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजायचा आणि दुप्पट करायचा, म्हणजे हत्तीची खांद्यापर्यंतची उंची मिळते, हा माहुतांचा आणि वनखात्याचा जुना हिशेब आहे. घेर चार फुटांचा भरला. घरधनीण माझा उद्योग कंबरेवर हात ठेवून बघत होती. “आठ फुटी हत्ती,” मी म्हणालो. ती हलक्या आवाजात म्हणाली, “नाव घेव नको. गणपती आसा तो.” घराच्या मागे तिचे दोन माड आडवे पडले होते, गाभा खाऊन. त्याबद्दलही ती रागाने बोलली, पण हळूच.

हे हत्ती २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात उतरले तेव्हा सगळ्यांनी त्यांना परके ठरवलं. पुढे ते कोल्हापूरच्या बाजूला आणि गोव्यातही पोचले. ते का आले, याची उत्तरं तिकडची धरणं, खाणी, तोडलेली जंगलं यांत शोधावी लागतात. मात्र कोकणात हत्ती कधी नव्हताच, हे काही खरं नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी केली आहे. कलिंग आणि अंगदेशचे उत्तम, सौराष्ट्रातले कनिष्ठ, आणि अपरान्तातले मध्यम. अपरान्त म्हणजे आपली कोकणपट्टी. दुसऱ्या श्रेणीचे का असेनात, होते. याच ग्रंथात हत्तींसाठी राखीव वनं आहेत, पिल्लू, गाभण आणि दूध पाजणारी हत्तीण पकडायला मनाई आहे, आणि हत्ती मारणाऱ्याला देहदंड आहे. हे भूतदयेपोटी नव्हतं. हत्ती म्हणजे त्या काळचं रणगाडा-दल होतं.

आता ते पाहुणे का टिकले? फणसामुळे, असं मी म्हटलं तर हसू नका. वासाची जाणीव देणारी जनुकं माणसात चारशेच्या आसपास आहेत, हत्तीत दोन हजारांच्या घरात. आजवर तपासलेल्या प्राण्यांत ती सर्वाधिक. मे महिन्यात शेजारच्या वाडीत कापा पिकलाय की बरका, हे आपल्यालाही वाऱ्यावर कळतं, मग त्याला किती लांबून कळत असेल! केळी, माड, बांबू, फणस आणि दिवाळीच्या सुमाराला पोसलेलं भात. रानात दिवसभर हिंडून जे पोटात जातं ते बागेत दोन तासांत मिळतं. या हिशेबात शेतकरी मात्र भरडला जातो. भरपाईचा पंचनामा होतो, पण बारा वर्षं वाढवलेल्या माडाची किंमत कागदावर बसत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये दोडामार्ग तालुक्यात एका शेतकऱ्याचा जीवही गेला. शहरात बसून हत्तीप्रेमावर लिहिणाऱ्याने, म्हणजे मीही, हे आधी मान्य करावं.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, २०२१ मध्ये ओडिशाकडचा कळप छत्तीसगडमार्गे आला आणि राहिला. दोन्ही मिळून महाराष्ट्रात हत्ती किती? २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजात आकडा आहे ६३. कर्नाटकात ६,०१३, देशात २२,४४६. २०१७च्या गणनेत देशाचा आकडा २७,३१२ होता, पण दोन्हींची वजाबाकी करू नये, कारण मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी मुख्यतः हत्ती बघून मोजायचे. या वेळी लीद मोजली. जंगलाजंगलांतून लिदीचे २१,०५६ नमुने गोळा केले, त्यांतल्या डीएनएवरून ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखले आणि त्यावरून पुढचं गणित मांडलं. न पचलेल्या चाऱ्याचा असाही उपयोग.

हत्तीच्या स्मरणशक्तीबद्दल सगळे विचारतात. सर्कशीतले किस्से मी बाजूला ठेवतो, टांझानियातल्या तारांगिरे उद्यानाचं सांगतो. १९९३ साली तिथे भीषण दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. ज्या कळपांच्या म्होरक्या थोराड हत्तिणी होत्या ते उद्यान सोडून पाण्याच्या शोधात बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. तरुण म्होरकीचा कळप तिथेच थांबला आणि त्याने जबर किंमत मोजली. तसाच दुष्काळ तिथे १९५८ ते ६१ मध्ये पडला होता. थांबलेल्या कळपातल्या जुन्या माद्या शिकाऱ्यांनी आधीच टिपल्या होत्या, तो दुष्काळ आठवावा अशा वयाचं त्यात कुणी उरलंच नव्हतं. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात आजीने काय काय शिजवलं हे घरात कुणाला तरी ठाऊक असतं ना, तसंच.

नरांचंही तेच. हत्तीच्या गंडस्थळातून मद पाझरतो, त्या दिवसांत हत्ती कुणाला जुमानत नाही. फारसीत ‘मस्त’ म्हणजे धुंद. आपण जेवणाला मस्त म्हणतो तो शब्द हाच, इंग्रजांनीही मदासाठी तोच उचलला. दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग उद्यानात अनाथ पिल्लं नेऊन सोडली होती. मोठी झाल्यावर त्यांतले तरुण नर अकाली मदात आले आणि १९९२ ते ९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. उपाय काय केला? १९९८ मध्ये क्रुगर उद्यानातून सहा थोराड नर आणून सोडले. पोरांचा मद उतरला, गेंडे मरायचे थांबले. घरात वडीलधारं माणूस लागतं ते यासाठी.

रायगडावर हत्ती चढवला कसा, हा आपला खास मराठी प्रश्न. तो आपल्याआधी हेन्री ऑक्झिंडेनला पडला. १६७४च्या राज्याभिषेकाला तो इंग्रज वकील आला, दाराशी दोन लहान हत्ती पाहिले आणि हे या वाटेनं वर आले तरी कसे, असं नवल त्याने लिहून ठेवलं. पिल्लं असताना वर नेऊन वाढवले, हे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो आणि ‘लहान हत्ती’ या त्याच्या शब्दांशी ते जुळतंही.

नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीवरून २०२५च्या जुलैत कोल्हापूर पेटलं होतं. न्यायालयाच्या आदेशाने तिला तिथून गुजरातेत नेलं, निरोपाला गावंच्या गावं रडली. त्या रडण्यावर मी शंका घेणार नाही. पण त्या महिनाभरात मी जे वाचलं-ऐकलं त्यात हक्क, परंपरा, उद्योगपती, बहिष्कार सगळं होतं, हत्तिणीच्या पायांबद्दल फार कमी होतं. जंगलात रोज मैलोन्‌मैल चालणारा हा प्राणी फरशीवर साखळदंडात उभा राहिला की आधी त्याचे पाय जातात, तळवे कुजतात, नखं वाढतात. मग तो देवळातला असो, सर्कशीतला की प्राणिसंग्रहालयातला. हत्ती पाळावा की नाही, या वादात मी पायांच्या बाजूने आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दोडामार्ग, आजरा, चंदगडात भात कापणीला आलेलं असेल आणि टस्कर खाली उतरलेले असतील. तिकडे पर्यटनाला जाणार असाल तर रात्रीचा प्रवास टाळा. वाटेत हत्ती दिसलाच तर गाडी लांब थांबवा, हॉर्न वाजवू नका, तो जाईपर्यंत खाली उतरू नका. आणि सुतळी बॉम्ब व मोबाइलचा कॅमेरा, दोन्ही पिशवीतच राहू द्या.